ध्वनी-उपचारानं ऐकू परत येतं का? मशीन, कानातली शीळ आणि घरचा सराव

शहापूर_वडगाव
नमस्कार मंडळी. काकांचा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) खाली देतोय, जाणकारांनी बघावा. वय ५८, काम बेळगावात पॉवरलूमवर. उजवा कान: २५० हर्ट्झला २०, ५०० ला २५, १००० ला ३०, २००० ला ४५, ४००० ला ७०, ८००० ला ६० डेसिबल (आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी). डावा जवळपास तसाच. हाडावाटे (कानामागच्या हाडाला कंपन देऊन) घेतलेली रीडिंगही हवेवाटेच्या (हेडफोनवरच्या) रीडिंगइतकीच आहेत. रिपोर्टवर ‘सौम्य’ लिहिलंय. शब्द ओळखायच्या चाचणीत ६० टक्के. दोन्ही कानांत रातकिड्यासारखी बारीक शीळ, रात्री जास्त.

एका ठिकाणी ध्वनी-उपचाराचं पॅकेज सुचवलंय. रोज हेडफोन लावून तासभर संगीत ऐकायचं, ‘नसा जाग्या होतात, ऐकू परत येतं, कानाचं मशीन लागत नाही’ असं सांगायलेत. पैसे भरायच्या आधी दोन गोष्टी कळायला हव्यात. असं होतं का? आणि होत नसेल तर ध्वनी-उपचार म्हणजे नक्की काय, त्याचा उपयोग कुठं?

श्रवण_टिळकवाडी
पैसे भरू नका. मशीन लागत नाही म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

हाडाची आणि हवेची रीडिंग सारखी आहेत, म्हणजे मळ, पडदा, मधल्या कानातली हाडं यांत दोष नाही. दोष आतल्या कानात, शंखाकृती भागात आहे. तिथं एका कानात आवाज टिपणाऱ्या साधारण १५,००० केसपेशी असतात. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. संगीतानं नाही, ‘बरं करणारा सूर’ म्हणून फिरणाऱ्या ‘५२८ हर्ट्झ’च्या व्हिडिओनं नाही, हेडफोनवर पाण्याचा आवाज ऐकूनही नाही. ४००० ला सगळ्यात खोल खड्डा आणि ८००० ला किंचित वर येणं, ही आवाजानं झालेल्या नुकसानीची ओळखीची खूण आहे. वडगाव, खासबागच्या मागवाल्यांचे आणि उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांचे ऑडिओग्राम एकावर एक ठेवले तर हाच आकार दिसतो.

आता तो ‘सौम्य’ शब्द. ५००, १००० आणि २००० या तिन्हींची सरासरी काढली की ३३ येते, जुन्या वर्गवारीत ती सौम्यात बसते. जागतिक आरोग्य संघटना ४००० सुद्धा धरते. (२५ + ३० + ४५ + ७०) भागिले ४ म्हणजे ४२.५. ३५ ते ५० च्या मध्ये म्हणजे मध्यम. काकांचा सगळा त्रास ४००० च्या आसपास आहे आणि नेमकी तीच फ्रिक्वेन्सी (आवाजाची पट्टी) सरासरीतून गाळली गेलीय. त्यामुळं ‘आवाज येतोय, पण शब्द कळत नाही’ अशी तक्रार असणार. स्वर आणि म, न खालच्या फ्रिक्वेन्सीत असतात, ते येतात. स, श, फ, थ, ख वर असतात आणि मुळातच हळू असतात, ते गळतात.

ध्वनी-उपचार या एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. मशीनमधून हरवलेल्या फ्रिक्वेन्सी परत पुरवणं ही पहिली. कानातली शीळ मागं पडावी म्हणून हलका आवाज सोबतीला ठेवणं ही दुसरी. शब्द ओळखायचा सराव ही तिसरी. या तिन्हींना आधार आहे. चौथी म्हणजे ‘ऐकू परत आणणारं’ संगीत, त्याला नाही. तिथल्या लोकांना एवढंच विचारा: उपचारापूर्वीचा आणि नंतरचा ऑडिओग्राम दाखवाल का, तोही बाहेरच्या ऑडिओलॉजिस्टनं (श्रवणतज्ज्ञानं) काढलेला?

अनगोळची_अक्का
मी त्या ६० टक्क्यांकडं बघतेय. चाचणी कुठल्या भाषेत घेतली, ते विचारा. आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी शब्दयादी कन्नडमधली असते. काका बाजारात कन्नड बोलत असतील, समजत असेल, पण या चाचणीत संदर्भ नसलेला सुटा शब्द येतो आणि लगेच परत म्हणायचा असतो. घरी मराठी बोलणारा माणूस तिथं कानामुळं चुकला की शब्द ओळखीचा नव्हता म्हणून, हे मग कळत नाही. गुण खोटे कमी येतात. त्यावरून ‘नस कमजोर आहे, मशीनचा फायदा होणार नाही’ असं कुणी सांगितलं तर तो निष्कर्षच चुकीचा.

मराठी यादी घेऊन पुन्हा करायला सांगा. शब्द ऐकू येण्याच्या पातळीपेक्षा ३०-४० डेसिबल वर द्यायचे, कान वेगवेगळे तपासायचे, आणि तोंड दिसता कामा नये. काचेपलीकडून बोलणाऱ्याचे ओठ दिसत असले तर गुण खोटे वाढतात. आणि रिपोर्टवर भाषा लिहून घ्या, पुढच्या वर्षी तुलना करताना लागते.

शहापूर_वडगाव
विचारलं, यादी कन्नडच होती. मराठीत परत करून घेतो.
तोवर त्या शिळेचं काय करायचं? झोप लागत नाही. शेजारचे लसणाचं तेल कोमट करून घाला म्हणायलेत.

श्रवण_टिळकवाडी
तेल नको. शीळ आतल्या कानाच्या आणि मेंदूच्या पातळीवर तयार होते, तेल पडद्यापलीकडं जात नाही. पडद्याला भोक असेल तर मात्र जातं आणि कान फुटून वाहायला लागतो.

आधी एवढं तपासा: शीळ एकाच कानात आहे का, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडते का, चक्कर, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं किंवा कान वाहणं आहे का. यातलं काहीही असेल तर थेट कान-नाक-घसा डॉक्टर. आणि दोन-तीन दिवसांत अचानक एका कानाचं ऐकू गेलं तर त्याच दिवशी जा. त्याला स्टेरॉइड देतात, आणि पहिल्या दोन आठवड्यांत दिलं तरच खरा फायदा असतो. ‘सर्दीनं दडा बसलाय’ म्हणत थांबून अनेकांचा कान जातो.

जांबोटी_खानापूर
रात्रीच्या सोयीचं मी लिहितो.

पूर्ण शांत खोलीत शीळ जास्त जाणवते, म्हणून खोलीत एक सपाट, कंटाळवाणा आवाज ठेवायचा. गाणं नको, भजन नको, बातम्या तर नकोच. शब्द आले की लक्ष तिकडं जातं. पंखा, पावसाची रेकॉर्डिंग, किंवा मोबाईलवरचा पिंक नॉइज. व्हाइट नॉइज म्हणजे नुसती स्स्स. ज्याचं ४००० चं ऐकणंच गेलंय त्याला तिचा वरचा भाग पोचत नाही, उरलेला टोचतो. पिंकमध्ये दर सप्तकाला ३ डेसिबल कमी होत जातात, ब्राउनमध्ये ६, म्हणून ते भरदार आणि मऊ लागतात. तिन्ही वाजवून बघा आणि काकांना जो ‘विसरता येतो’ तो ठेवा.

मोबाईलच्या बारक्या स्पीकरमधून खालचा आवाज निघतच नाही. साधा ब्लूटूथ स्पीकर उशीपासून हात-दीड हातावर ठेवा. कानात बोळे घालून झोपायचं नाही. फाइल ८ तासांची डाउनलोड करा. ऑनलाइन लावली की मध्येच जाहिरात किंचाळते आणि सगळी मेहनत वाया. अर्ध्या मिनिटाचा तुकडा परत-परत वाजणारी फाइलसुद्धा नको, त्याचा जोड कानाला सापडतो आणि मेंदू त्याचीच वाट बघत बसतो. टायमर लावायचाच असेल तर हळूहळू कमी होणारा. आवाज एकदम थांबला की जाग येते. पावसाळ्यात आमच्याकडं रात्री लाईट जाते आणि पंखा बंद पडताच माणूस उठून बसतो, म्हणून स्पीकर बॅटरीवरचा हवा.

आता पातळी. शीळ पूर्ण बुडेल इतका मोठा ठेवू नका. शीळ आणि बाहेरचा आवाज दोन्ही ऐकू येतील, बाहेरचा थोडा खालीच राहील, असा.

निपाणीकर_७
इथं थोडा मतभेद आहे. शीळ पूर्ण झाकली तर लगेच बरं वाटतं. पहिल्या रात्रीपासून झोप लागते. मग अर्धवट का ठेवायची? शिवाय ‘नॉच’ केलेल्या संगीताची ॲप आहेत, त्याबद्दल कुणीच बोललं नाही.

श्रवण_टिळकवाडी
झाकण्यात पाप नाही, वाईट रात्री झाका. पण झाकलेला आवाज मेंदूला ओळखीचा होत नाही. मेंदूनं शीळ ऐकावी आणि ‘यात धोका काही नाही’ म्हणून सोडून द्यावी, हे साधायचंय. त्यासाठी ती थोडी ऐकू यायला लागते. हा विचार पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडला. त्यांच्या पद्धतीत समुपदेशन आणि कानात लावायच्या यंत्रातून दिवसाचे बरेच तास हलका आवाज, असं वर्षभर किंवा जास्त चालतं. खरं सांगायचं तर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ही पद्धत नेहमीच्या चांगल्या उपचारापेक्षा सरस ठरली नाही. म्हणजे त्या विशिष्ट यंत्रात जादू नाही. नीट समजावून सांगणं, मशीन, शांतता टाळणं, यानंच बहुतेक काम होतं. शिळेमुळं जिवाला घोर लागला असेल, चिडचिड, रडू येत असेल, तर वर्तन-विचार पद्धतीचं समुपदेशन, म्हणजे सीबीटी, याचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे. त्यानं शीळ कमी होत नाही, तिचा जाच कमी होतो. जिन्को आणि जस्ताच्या गोळ्यांवर खर्च करू नका.

नॉच: आधी शिळेची फ्रिक्वेन्सी जुळवतात, समजा ४०००. मग आवडीच्या संगीतातून तिच्या भोवतीचं एक सप्तक, म्हणजे साधारण २८३० ते ५६६० हर्ट्झ, कापून टाकतात आणि उरलेलं रोज तास-दोन तास ऐकवतात. २०१० मध्ये जर्मन गटाचे निकाल आशादायक होते, नंतरचे संमिश्र आले. ॲपमध्ये घरी जुळवताना माणूस बऱ्याचदा एका सप्तकाची चूक करतो, ४००० ऐवजी ८००० किंवा २००० निवडतो. मग भलताच पट्टा कापला जातो. करायचंच असेल तर जुळवणी ऑडिओलॉजिस्टकडं करा. आणि ४००० ला ७० डेसिबल गेलेल्या कानाला तो पट्टा मुळातच नीट ऐकू येत नाही, तिथं कापाकापीचा फरक किती पडणार? काकांसाठी माझं मत: आधी मशीन. हरवलेल्या फ्रिक्वेन्सी परत मिळू लागल्या की अनेकांची शीळ दिवसा आपोआप मागं सरते.

शहापूर_वडगाव
मशीन घ्यायचं म्हटलं की दुकानदार चॅनेलचे आकडे सांगतात. १६, २४, ४८. काय बघायचं?

खडेबाजार_मशीनवाला
चॅनेल, म्हणजे आवाजाचे किती पट्टे वेगवेगळे जुळवता येतात तो आकडा, शेवटी बघा. हा ऑडिओग्राम आरआयसी प्रकाराला योग्य आहे: मशीन कानामागं, बारीक वायर, रिसीव्हर (बारका स्पीकर) कानाच्या आत, टोकाला भोकं असलेला उघडा डोम (मऊ टोपी). ५०० पर्यंत काकांचं ऐकणं बऱ्यापैकी आहे, तो आवाज उघड्या डोममधून आपला आपण जाऊ दे. बंद डोम बसवला तर स्वतःचाच आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमतो आणि आठ दिवसांत मशीन कपाटात जातं. उघड्या डोमची अडचण एकच, ४००० ला जोर जास्त मागितला की शिट्टी मारतं. तिथं डोमचा आकार एक नंबर मोठा घेऊन बघायचा. शिट्टी बंद व्हावी म्हणून तो जोर कमी करून देतात, ते मान्य करू नका. त्यासाठीच तर मशीन घेतोय.

दोन्ही कानांना घ्या. आणि एक गोष्ट आग्रहानं मागा: ‘रिअल इअर’ मोजणी. पडद्याच्या जवळ, साधारण ५ मिलिमीटरवर, बारीक नळी जाते, बाहेर मशीन लावतात, स्पीकरवर ५०, ६५ आणि ८० डेसिबलला बोलण्यासारखा आवाज देतात. कानात प्रत्यक्ष किती पोचतंय त्याची रेष स्क्रीनवर दिसते आणि ती ठरलेल्या लक्ष्यरेषेशी जुळवतात. हे न करता कंपनीच्या सॉफ्टवेअरची पहिली सेटिंग ठेवली की वरच्या फ्रिक्वेन्सी बहुधा कमी पडतात, म्हणजे स, श गळतातच. महागाचं मशीन मोजणीशिवाय घेण्यापेक्षा मध्यम किमतीचं मोजून बसवलेलं घ्या.

सेलबद्दल. १० नंबरला पिवळा स्टिकर, ३१२ ला तपकिरी, १३ ला केशरी, ६७५ ला निळा. ३१२ साधारण आठवडा जातो. स्टिकर काढला की लगेच घालू नका. हे सेल हवेवर चालतात, दोन ते पाच मिनिटं उघडा ठेवा, मग बसवा. स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. लहान मुलांपासून लांब ठेवा, गिळला तर ताबडतोब दवाखाना.

पावसाळ्यात इथं मशीनं बंद पडतात ती दमटपणानं. कणकुंबी-जांबोटीकडची तर जून ते सप्टेंबर रांगेत येतात. झाकण गच्च बसणारा प्लास्टिकचा डबा, तळाला सिलिका जेल, वर जाळी किंवा कापड, त्यावर रात्री मशीन. सेलचं दार उघडं ठेवायचं आणि सेल बाहेर काढायचा, डब्यात ठेवला तर सेल वाळून मरतो. जेलचा रंग बदलला की पाकिटावर सांगितल्याप्रमाणं तापवून कोरडं करा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, भुकटी मायक्रोफोनच्या भोकात जाते.

आवाज एकदम कमी झाला तर मशीन बिघडलंय म्हणून धावू नका. दहात सहा-सात वेळा रिसीव्हरच्या टोकाची पांढरी मळजाळी भरलेली असते. बरोबर काडी मिळते, तिचं एक टोक जुनी जाळी ओढून काढतं, दुसऱ्यावर नवी असते. सुईनं टोकरू नका, स्पिरिट लावू नका. जाळी बदलूनही आवाज नाही, नवा सेल घालूनही नाही, तेव्हा माझ्यासारख्याकडं या.

जांबोटी_खानापूर
जोड: चार्जिंगची मशीनं चांगली, पण ज्या गावात दोन-दोन दिवस लाईट नसते तिथं पॉवर बँकवर चालणारा चार्जर आहे का ते आधी विचारा. नाहीतर सेलचंच घ्या.

अनगोळची_अक्का
मशीन लावल्यावर पहिले काही दिवस ताटं, नळ, वर्तमानपत्राची पानं, सगळं कर्कश लागेल. मेंदूनं कित्येक वर्षांत ते आवाज ऐकलेले नाहीत. पहिल्या आठवड्यात घरात तीन-चार तास, मग वाढवत तीन आठवड्यांत दिवसभर. लग्नाच्या हॉलमध्ये किंवा बसस्टँडवर पहिल्याच दिवशी नेऊ नका. कुठला आवाज टोचतो ते कागदावर लिहून दोन आठवड्यांनी सेटिंगला घेऊन जा. ‘बरं वाटत नाही’ एवढं सांगून मशीन जुळत नाही. ‘स्टीलचं भांडं टोचतं, बायकोचं बोलणं ठीक’ असं सांगितलं तर जुळतं.

रोज सकाळी सहा ध्वनी म्हणून बघा: आ, ऊ, ई, म, श, स. काकांच्या पाठीमागून, एक मीटरवरून, मग तीन मीटरवरून, नेहमीच्या आवाजात. ऐकलं की त्यांनी परत म्हणायचं. ‘स’ एक दिवस अचानक बंद झाला तर मळजाळी बघा.

आता शब्दांचा सराव, तिसरा ध्वनी-उपचार म्हणालात तो हाच. भरतकामाची गोल रिंग घ्या, तिच्यावर पातळ सुती कापड ताणा आणि ती तोंडासमोर चार बोटं दूर धरा. हातानं किंवा कागदानं तोंड झाकलं की स, फ दबतात. कापडातून आवाज सरळ येतो आणि ओठ दिसत नाहीत.

जोड्या निवडताना ध्यानात ठेवा: पीठ-मीठ ओठांवर अगदी सारखे दिसतात, पण कानाला वेगळे येतात. फळ-खळ ओठांवर वेगळे, पण काकांच्या कानाला सारखे. म्हणून रिंगमागून फळ-खळ, सात-हात, साल-शाल, ताप-काप असे घ्या. मागवाल्या घरात खळ (सुताला लावायची पेज) हा शब्द सांगावा लागणार नाही. दोन्ही शब्द कागदावर लिहून समोर ठेवा. वाटेल त्या क्रमानं २० वेळा म्हणा, त्यांनी बोट ठेवायचं, चुकलं की लगेच रिंग बाजूला करून ओठ दाखवत दोन्ही शब्द म्हणायचे. २० पैकी १६ बरोबर आले की पंखा मध्यम वेगावर लावून तेच. मग स्वयंपाकघरात मिक्सर. मग शेजारी रेडिओवर कुणीतरी बोलत असताना. हे सगळ्यात अवघड, कारण बोलण्याखाली बोलणंच लपतं. पुढं कागद काढून टाका. आकड्यांचा सराव वेगळा करा. सात, आठ, साठ यांतला गोंधळ औषधाच्या वेळेत आणि बसच्या वेळेत महागात पडतो.

दिवसाला २०-२५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, दीड-दोन महिने. थकले की थांबा. ऐकण्याचा शीण खराच येतो.

आणि घरच्यांनी ओरडायचं सोडा. या प्रकारात हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा लगेच असह्य होतो, मधली जागाच अरुंद झालेली असते. म्हणून ‘ऐकू येत नाही’ आणि ‘ओरडू नको’ हे एकाच मिनिटात ऐकायला मिळतं. नाव घेऊन हाक मारा, चेहऱ्यावर उजेड असू द्या, वाक्य जरा सावकाश. काकांनी नुसतं ‘काय?’ न म्हणता कळलेलं परत विचारायचं: ‘कितीला? सातला?’

निपाणीकर_७
फोन कसा घ्यायचा? कानाला लावला की शिट्टी.

खडेबाजार_मशीनवाला
फोन कानाच्या भोकाशी धरू नका. मायक्रोफोन कानामागं वरच्या बाजूला असतो, फोनचा वरचा भाग तिथं तिरका धरा. ब्लूटूथचं मशीन असेल तर प्रश्नच नाही.

शहापूर_वडगाव
काका अजून मागावर जातात. मशीन लावून जायचं? आणि अपंग प्रमाणपत्र मिळेल का?

श्रवण_टिळकवाडी
मागावर मशीन लावायचं नाही, आणि बंद करून कानात ठेवलेलं मशीन म्हणजे बोळा नव्हे. उघड्या डोममधून सगळा आवाज आत जातो. कारखाना नियमांत ९० डेसिबलला ८ तास, ९५ ला ४ तास, १०० ला २ तास अशी मर्यादा आहे. चालू मागांच्या शेडमध्ये ९० सहज ओलांडतं. फोमचे बोळे वापरा. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर आणि मागं ओढायचा, बोळा आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरायचा. बाहेर अर्धा लोंबत असेल तर तो बसलेला नाही. मशीन डबीत, घरी आल्यावर लावा. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत डॉल्बीजवळही हेच. शांत घरात मात्र बोळे घालून बसू नका, त्यानं शीळही वाढते आणि साधे आवाजही टोचायला लागतात.

प्रमाणपत्र: २०१६ च्या कायद्यात दोन्ही कानांत बोलण्याच्या फ्रिक्वेन्सींना ६० ते ७० डेसिबल असेल तर कमी ऐकू येणारा, ७० च्या पुढं कर्णबधिर. काका त्यात बसत नाहीत. दरवर्षी ऑडिओग्राम काढून जपून ठेवा. दुसरं मत हवं असेल तर म्हैसूरची अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्था किंवा मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था. जाताना जुने सगळे रिपोर्ट न्या, आणि मराठीत घेतलेल्या शब्दचाचणीचा कागद सगळ्यात वर ठेवा.

शहापूर_वडगाव
मराठी यादीवर आज चाचणी झाली. उजवा ८४, डावा ८०. रिअल इअर मोजणी कुठं होते ते हुडकायला लागलोय.

अनगोळची_अक्का
८४ आणि ८० म्हणजे मशीनचा फायदा चांगला होईल. मोजणी करणारं ठिकाण मिळालं की फिटिंगला काकूंनाही बरोबर न्या. ओळखीच्या आवाजावर सेटिंग तपासता येतं, आणि मळजाळी बदलायला त्यांनाच शिकवा.